चढाला माणसं लागत्यात

आमच्या गल्लीला उतार आहे. बेताचाच, पण थेट मुख्य रस्त्यापर्यंत जाणारा. ज्या गाडीचा सेल्फ बिघडलाय, म्हणजे जी किल्ली फिरवून चालू होत नाही, ती गाडी कुठलाही शहाणा माणूस उताराकडे तोंड करून लावेल. हँडब्रेक सोडला की काम झालं. आमचे शेजारी हुसेनभाऊ मुलाणी आपली गाडी रोज चढाकडे तोंड करून लावतात.

सकाळी हॉर्न वाजला की आम्ही हातातलं काम टाकून धक्का मारायला बाहेर येतो. प्रत्येकाची जागा ठरलेली. उजव्या दिव्यामागे आमचे हे, डाव्या दिव्यामागे मी, मधोमध समोरचे गणपतआबा. आबा ढकलत नाहीत. ते नुसता हात टेकवतात आणि "जोर लावा, जोर लावा" म्हणतात. वर निंबाच्या झाडापाशी पोचलं की भाऊ क्लच सोडतात. गाडी दोन उचक्या देते, काळा धूर आमच्या तोंडावर सोडते आणि सुरू होते. मग भाऊ सोमाटणे फाट्यावर जातात, बेकरीतून खारी घेतात, परत येतात आणि आम्हा सगळ्यांना आल्याचा चहा पाजतात. एवढंच त्या गाडीचं दिवसाचं काम.

मी एकदा विचारलं, "भाऊ, गाडी उताराकडे तोंड करून लावली तर?"

"उताराला काय गं, दगुड बी पळतो," भाऊ म्हणाले. "चढाला माणसं लागत्यात."

कपाळ!

हुसेनभाऊ मूळचे आमच्या परंदवडीचेच. तळेगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. रिटायर होताना तिथल्याच एका साहेबाकडून त्यांनी ही गाडी घेतली, तेव्हाही ती काही तरुण नव्हती. तिचा मूळ रंग पांढरा होता असं भाऊ सांगतात, आणि मोठ्या माणसाचा शब्द आम्ही खाली पडू देत नाही.

दिवसातला निम्मा वेळ भाऊ गाडीखाली असतात. बाहेर फक्त पाय. आल्यागेल्याला ते चपलांवरून ओळखतात आणि खालूनच बोलतात. गल्लीतल्या कित्येकांचं तोंड त्यांनी नीट पाहिलं नसेल, पण टाचा सगळ्यांच्या पाठ. एकदा मी भाजी घेऊन चालले होते तर गाडीखालून आवाज आला, "अलका, डाव्या चपलेचा अंगठा निगालाय तुजा. काढून ठिव हितं." मी अनवाणी घरी. संध्याकाळी चप्पल दारात, अंगठ्याला चक्क नटबोल्ट. ती चप्पल अजून आहे. फरशीवर चालले की घरात घोडा शिरल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ दारात हजर. "मूठभर हळद हाय का गं?"

"भाजीला?"

"रेडिएटरला. गळतंय."

मला वाटलं, म्हाताऱ्याला चळ लागला. पण हळदीने गळती थांबली, मी डोळ्यांनी पाहिलं. फक्त इंजिन तापलं की गाडीतून फोडणीचा वास येतो आणि माणसाला अवेळी भूक लागते. पेट्रोलची टाकी पाझरायला लागली तेव्हा भाऊंनी तिला अंगाचा साबण चोळला. प्लग साफ करायला टूथब्रश, तोही मऊ दात्यांचा, नवा कोरा. स्वतः भाऊ मशेरी लावतात.

हे सगळं जमायचं. सेल्फ तेवढा जमत नव्हता. "सेल्फचं काय, भाऊ?" म्हटलं की गाडीखालून उत्तर यायचं, "बगतोय की." दोन वर्षं ते बघत होते.

गेल्या थंडीत त्यांनी आम्हा दोघांना लोणावळ्याला नेलं. एका लग्नाला जायचं होतं. जाताना नेहमीप्रमाणे धक्का झाला, कामशेतच्या पुढे फोडणीचा वास सुटला, पण वेळेत पोचलो. परत निघताना आमचे हे सवयीने बाह्या सरसावून गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. भाऊ म्हणाले, "जरा थांबा साहेब." बोनेट उघडून वाकले, कायसं केलं, येऊन किल्ली फिरवली. गाडी चालू!

"अहो भाऊ, हे कसं काय?"

"हितली हवा मानवती तिला."

आमच्या ह्यांना ते लगेच पटलं. त्यांनाही लोणावळ्याची हवा मानवते.

आता सलीमबद्दल. सलीम भाऊंचा एकुलता एक मुलगा, पुण्याला फ्लॅटमध्ये असतो. मुलगा गुणी आहे, कुणी नावं ठेवू नयेत. एकदा तो सकाळीच आला आणि नेमका आमच्या धक्क्याच्या वेळेला. बापाची गाडी, मागे आम्ही दोघं धापा टाकतोय, आबा हात टेकवून ओरडताहेत. हे बघून त्याचं डोकंच फिरलं.

"अब्बा, हे काय चाललंय? एखाद्या दिवशी ही हायवेवर बंद पडेल आणि मागून ट्रक येईल. मी येत्या रविवारी येतो. धक्का न मारता चालू झाली तर ठेवा. नाही झाली तर भंगारात द्यायची आणि तुम्ही कायमचं माझ्याकडे यायचं. शब्द द्या."

भाऊंनी खूप वेळ आरशाकडे बघितलं. मागचं दाखवतो तो आरसा. मग म्हणाले, "दिला."

त्या आठवड्यात आमच्या गल्लीला सुतक आल्यासारखं झालं. गणपतआबांनी युक्ती काढली, "पहाटंच ढकलून चालू करून ठिवू. पोरगं आलं की म्हनायचं, ही बग, चालूच हाय." मी म्हटलं, तो बंद करून बघेल. "मंग त्याला च्यात गुतवू," आबा म्हणाले. ह्यांनी मेकॅनिक आणतो म्हटलं तर भाऊ ताडकन बोलले, "बाहेरचा हात लागू द्यायचा न्हाई तिला." पण स्वतःही हात लावेनात. गाडीखाली जाईनात. पायरीवर हनुवटी हातात घेऊन बसून राहायचे. भाऊंना आख्खं बघायची सवय नसल्यामुळे आम्हाला चुकल्यासारखं व्हायला लागलं. बिचारे, गाडी चालू होणार नाही या भीतीने खचलेत, असं मला वाटलं.

रविवारी सलीम आला. आम्ही सगळे अंगणात. भाऊ उठले, बोनेट उघडलं. आमच्याकडे एकदा बघितलं, मग आत हात घातला आणि लगेच काढला. आत बसून किल्ली फिरवली.

पहिल्या झटक्यात चालू. उचकी नाही, धूर नाही. आबांनी टाळ्या वाजवल्या.

आमचे हे बोनेटपाशी जाऊन वाकले. ह्यांना गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण डोळे आहेत. त्यांनी मला खुणेने बोलावलं. सगळं इंजिन ग्रीसने आणि धुळीने माखलेलं आणि त्यात सेल्फच्या वायरचं टोक तेवढं चांदीसारखं चकचकीत. रोज काढून, रोज घालून घासलेलं. बिघाड नव्हताच. भाऊ रोज रात्री वायर काढून ठेवायचे आणि सकाळी हॉर्न वाजवायचे.

सलीमला यातलं काही कळलं नाही. तो खूश झाला. "ठीक आहे अब्बा, राहू द्या गाडी," म्हणाला, बापाच्या पाया पडला आणि गेला.

तो गेल्यावर हे म्हणाले, "भाऊ, माझी कंबर गेली हो या गाडीपायी. पट्टा लावून ऑफिसला जातो मी!"

"आन मी?" आबा कडाडले. "दोन वरीस ढकलतोय ना मी?" खरं तर सगळ्यात जास्त राग त्यांनाच आला होता.

भाऊ खाली बघत होते. "च्या टाकतो," एवढंच म्हणाले. कुणी थांबलं नाही.

सोमवारी हॉर्न वाजला नाही. मी खिडकीतून बघितलं तर गाडी उताराकडे तोंड करून उभी. मंगळवारीही तेच. ह्यांना बेगडेवाडीची लोकल आरामात मिळाली आणि तरी दिवसभर चिडचिड. माझ्या चहाला नावं ठेवली, म्हणे आलं कमी पडलंय. मी म्हटलं, मी चहात कधी आलं घालतच नाही. ते आलं भाऊंच्या चहातलं.

मग मला हमीदामावशी आठवल्या, भाऊंच्या बायको. साड्यांना फॉल-पिको करायच्या. त्यांच्या ओट्यावर आम्हा बायकांचा कायम बाजार भरलेला आणि भाऊ गाडीखालून ओरडायचे, "जरा हळू बोला गं, इंजिनचा आवाज ऐकू यीना." दोन वर्षांपूर्वी मावशी गेल्या. चाळिसाव्यापर्यंत घराघरातून डबे गेले, माणसं जाऊन बसली. त्यानंतर तिथे जायला कुणाला काही कारणच उरलं नाही. आणि मग एका सकाळी गाडी खरोखरच बंद पडली, हॉर्न वाजला, सगळी गल्ली पुन्हा भाऊंच्या दारात. सेल्फ त्यांनी त्याच संध्याकाळी दुरुस्त केला असणार. सलीमला शब्द दिल्यावर आठवडाभर त्यांना भीती होती ती गाडी चालू न होण्याची नव्हतीच.

हे मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी नुसतं "हं" केलं आणि पेपर तोंडापुढे धरला. पेपर उलटा होता.

बुधवारी सकाळी हे कमरेला पट्टा बांधून, चपला घालून बाहेर पडले. मी मागोमाग. गणपतआबा आधीच येऊन गाडीला हात टेकवून उभे होते. भाऊ पायरीवर.

"भाऊ, गाडी फिरवा," हे म्हणाले. "चढाकडे."

"कशापायी साहेब? किल्लीवर चालू व्हती की ती."

"वायर काढा हो. मला लोकल गाठायचीय."

भाऊ उठले. त्यांनी किल्ली फिरवून गाडी चालू केली, वळवली, चढाकडे तोंड करून लावली आणि बंद केली. मग बोनेट उघडून वायर काढली. आम्ही तिघं आपापल्या जागेवर जाऊन उभे राहिलो. मग ते आत बसले आणि आम्ही धक्का मारायला लागलो.

निंबाचं झाड आलं. भाऊंनी क्लच सोडला नाही. झाड मागे गेलं, शाळेचं फाटक आलं. आबांना तर घाम फुटला, त्या दिवशी ते खरंच ढकलत होते. "भाऊ, क्लच सोडा!" हे ओरडले.

मी पुढे होऊन खिडकीतून वाकून बघितलं. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून हुसेनभाऊ लहान पोरासारखे रडत होते.

मी मागे माझ्या जागेवर आले. "काय झालं गं?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "ढकला. अजून चढ आहे."