स्वामी गुरुजी आणि उसातली म्हैस

एका म्हशीचा ठावठिकाणा सांगून मी एका पोरीचं वाचन बंद पाडलं होतं, हे आधीच कबूल करते. नातवंडांना मी आजवर लई हुशार शिक्षिका म्हणून माहीत आहे. त्यांच्या हाती हे पडू नये एवढंच.

मुरुमजवळच्या आमच्या शाळेत तिसरीला स्वामी गुरुजी होते. या माणसानं जन्मात कुठली गोष्ट पुरी सांगितली नाही. येरझाऱ्या घालत पुस्तक वाचायचे आणि ऐन मोक्याला फटकन मिटायचे. पोरं कासावीस. "पुढचं पुस्तकात हाय," म्हणून गुरुजी व्हरांड्यात पसार. बरं, हे वर्गापुरतं असतं तर चाललं असतं. एकदा जेवताना मला म्हणाले, "बदल्यांची यादी लागली, बाई. आपल्या शाळेतलं एक नाव हाय." आणि हात धुवायला गेले. मी उष्ट्या हातानंच त्यांच्यामागं नळावर.

घरी कन्नड बोलणारी महादेवी तिसरीत आली तरी एक ओळ वाचत नव्हती. गुरुजींनी हरवलेल्या म्हशीची गोष्ट अर्ध्यात सोडली आणि पोरगी पेटली. अक्षराखाली बोट धरून आठ दिवस ती त्या म्हशीमागं होती. दोन पानं उरली असताना गुरुजी प्रशिक्षणाला धाराशिवला गेले आणि वर्ग माझ्याकडं आला.

"बाई, म्हैस सापडती का न्हाय?" पोरांनी गलका केला.

मी तेव्हा स्वतःला फार मायाळू समजायचे. सांगून टाकलं, शेजारच्या उसात सापडते म्हणून.

महादेवीनं पुस्तक मिटून पेटीत ठेवलं. "संपली की," म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत बसली.

दुसऱ्या दिवशी गुरुजी परतले आणि त्यांना हे कळलं. व्हरांड्यात चार फेऱ्या झाल्या. मग भर वर्गात म्हणाले, "बाईंनी पुस्तक न वाचताच सांगितलं. म्हैस उसात न्हाय."

मी तोंड उघडलं.

"बाई, तुम्ही जरा पाणी पिऊन या."

मधल्या सुट्टीत त्यांनी शेवटचं पान नव्यानं लिहिलं आणि डिंक सापडेना म्हणून खिचडीच्या भातानं जुन्यावर चिकटवलं. त्यांची म्हैस येरमाळ्याची जत्रा करून, गळ्यात नवी घंटा घालून परतली होती. महादेवी वाचता वाचता एकटीच हसली. मग उभं राहून सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं, अडखळत, पण एकही शब्द न गाळता. मी दारातून ऐकत होते, तर येऊन पुस्तक माझ्या हातात ठेवलं. "घ्या, वाचा. तुम्हाला ठाऊक नव्हतं."

संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर मी फणकारले, "पोरांपुढं मला खोटं पाडलंत, गुरुजी."

गुरुजी दगडावर बसले होते. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. ते म्हणाले, "खोलीवर मला 'मग काय झालं' इचारणारं कुणी न्हाय, बाई. महादेवी तेवढी रोज सकाळी वाटंत गाठून इचारायची. आज सकाळी ती नुसती नमस्ते म्हणून पुढं गेली."