न हरलेला तेजोभास्कर

तर मुलांनो, एका जंगलात झाडं थोडी होती आणि घोड्यांच्या शर्यती फार. शिकारीचा कंटाळा आल्यापासून सिंहमहाराजांना रेसचा नाद लागला होता.

महाराजांच्या तबेल्यात तेजोभास्कर नावाचा तरुण घोडा होता. काळाभोर, उंच, कपाळावर पांढरा टिळा. त्याच्या आजोबांचे आजोबा अरबस्तानातून आले होते. तो दिसला की कोणीतरी ही गोष्ट सांगायचंच.

तेजोभास्कर दोन शर्यती धावला आणि दोन्ही जिंकला. पहिलीत बाकीचे घोडे नवखे होते. दुसरीत चिखल होता, आणि पुढचे तिघे घसरले.

तिसरी शर्यत मोठी होती. तेजोभास्कर मन लावून सराव करू लागला. आपण खरोखर किती पळतो, हे त्याला एकदा बघायचं होतं.

पण तबेल्याचा कारभारी तरस मोठा दूरदृष्टीचा. त्याने महाराजांना समजावलं, की धावणारा घोडा हरूही शकतो. न धावणारा घोडा हरल्याचं मात्र अजून कोणी ऐकलेलं नाही. तेव्हा याला आत्ताच निवृत्त करून पैदाशीचा घोडा करावा. महाराजांना ते पटलं.

वयाच्या चौथ्या वर्षीच तेजोभास्कराचा निरोप समारंभ झाला. हत्तीने त्याच्या दीर्घ कारकिर्दीवर भाषण केलं. मग त्याला नदीपलीकडच्या हिरव्यागार कुरणात नेलं. फाटकावर पाटी लागली : ‘अजिंक्य तेजोभास्कर’. रोज गाजरं, रोज मालिश.

“पण मी धावायचं कधी?” त्याने विचारलं.

“आता तुम्ही कशाला धावताय?” तरस म्हणाला. “आता तुमचं रक्त धावेल.”

पहिली घोडी आली ती चंद्री. बुटकी, तांबूस, एका गुडघ्याला सूज. बत्तीस शर्यती धावून तिने एकोणीस जिंकल्या होत्या. तिच्या आजोबांचं नाव कोणाला ठाऊक नसल्याने ही गोष्ट कोणी सांगत नसे. मोठ्या घराण्यात आली आहेस, मान खाली घालून राहा, असं बजावून तरस निघून गेला.

चंद्रीने पाटी वाचली. तेजोभास्कराला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“त्या बाभळीपर्यंत येता का?” ती म्हणाली.

तेजोभास्कराला इतका आनंद गाजरांनीही कधी झाला नव्हता. दोघं सुटले. तो सपशेल हरला. पुन्हा धावू म्हणाला, पुन्हा हरला. तिसऱ्यांदा जरा कमी अंतराने हरला. मग धापा टाकत हसत सुटला.

“कळलं मला, मी किती पळतो ते.”

“किती?”

“तुमच्याहून कमी.”

चंद्रीला हा घोडा आवडला. आजवर तिच्याकडून हरलेल्या कोणीच असं कबूल केलं नव्हतं.

त्यांना मुलगी झाली. बुटकी, तांबूस. तिसऱ्या वर्षी तिने ती मोठी शर्यत जिंकली, तीही दहा घोडे मागे फरफटत आल्यासारखे दिसावेत अशी. सगळं जंगल हार घेऊन कुरणात आलं आणि हार तेजोभास्कराच्या गळ्यात पडला.

तेजोभास्कराला ते बोचलं. हार उतरवून तो सर्वांसमोर म्हणाला, “पोरगी आईवर गेली आहे. हिच्या आईने मला तीनदा हरवलंय.”

महाराजांनी तरसाकडे बघितलं. तरसाने घसा खाकरला.

“बघितलंत? केवढा हा विनय,” तो म्हणाला. “हाही रक्तातच असावा लागतो.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर घोड्या घेऊन आलेल्या मालकांची रांग दुप्पट झाली.

पुढे चंद्रीचं दुसरं शिंगरू शर्यतीत उतरलं. काळंभोर, उंच, कपाळावर पांढरा टिळा. ते सगळ्यांत शेवटी आलं. तरसाने निकाल वाचला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत जाहीर केलं, “हे आईवर गेलं.”

तात्पर्य : ज्याला कधीच हरायचं नसेल, त्याने धावू नये, बाप व्हावं.