शिस्तीची विंडो

सातिवलीच्या गाळ्यात लोणच्याच्या बरण्यांची झाकणं बनवणाऱ्या जयवंतशेठना एकच दुःख होतं: त्यांचं लिखाण कोणी वाचत नसे. लिखाण म्हणजे सूचना. चपला कुठे काढाव्यात, चहा किती वेळात संपवावा, पंख्याखाली विनाकारण का उभं राहू नये, असं बरंच. भिंतीवर चिकटवलेले ते कागद उतरवून कामगार त्यांत वडे गुंडाळत.

शेवटी शेठनी बिलांचा प्रोग्रॅम करून देणाऱ्या प्लासिडला बोलावलं.

"प्रोग्रॅम उघडला की आधी माझी सूचना दिसली पाहिजे. ती विंडो बंद करेपर्यंत बाकी सगळं ठप्प. बिल नाही, काही नाही."

"शेठ, लोकं न वाचताच ओके मारतील."

"मग खाली प्रश्न टाक. उत्तर बरोबर असेल तरच विंडो बंद."

शेठशी वाद घालण्यापेक्षा प्रोग्रॅम लिहिणं सोपं होतं. प्लासिडने तो लिहिला.

त्यानंतरच्या एका शनिवारी बिलं काढणारी रीमा बहिणीच्या लग्नाला भुईगावला गेली होती. दाराशी नाशिकच्या नव्या गिऱ्हाइकाचा माल टेंपोत भरून तयार. दुपारपर्यंत पोचला नाही तर पुढची ऑर्डर विसरा, असं त्याने बजावलं होतं.

"बिलाचं काय एवढं? मी काढतो," म्हणत शेठ रीमाच्या खुर्चीत बसले.

विंडो उघडली. लांबच लांब सूचना आणि तळाशी प्रश्न: 'मालकांच्या मते शिस्त म्हणजे काय?'

शेठनी लिहिलं, 'वेळेवर येणे.' चूक. 'माझं ऐकणे.' तेही चूक. लाल अक्षरं झळकली: 'कृपया लक्षपूर्वक वाचा.'

टेंपोवाला काळूराम दारात आला. "शेट, निघायचा का नाय? कवाचा बसलोय, पानी पन पिऊन झाला."

शेठनी रीमाला फोन लावला. मागे बँड वाजत होता.

"रीमा, शिस्त म्हणजे काय?"

"सर, मी रजेचा अर्ज दिला होता!"

"अगं, विंडोतलं उत्तर सांग!"

"ते मला नाही माहीत, सर. प्लासिडने पहिल्यांदा उघडून दिल्यापासून मी प्रोग्रॅम कधी बंदच केला नाही, म्हणून विंडो येतच नाही. काल कोणी बंद केला?"

काल वीज वाचवायला शेठनीच केला होता. त्यांनी फोन ठेवला आणि प्लासिडला लावला.

"ती विंडो काढ आधी!"

"मी विरारला आहे, शेठ. यायला वेळ लागेल. तेवढं वाचून टाका ना."

नाइलाजाने शेठ वाचू लागले. तिसऱ्या परिच्छेदात त्यांना जांभई आली. 'उपरोक्त चपलांबाबत' इथवर पोचल्यावर ते फोनवर ओरडले, "हे भंकस लिहिलंय कोणी?"

पलीकडे प्लासिडने हळूच फोन ठेवून दिला.

अगदी शेवटी उत्तर सापडलं: 'शिस्त म्हणजे यशाचे झाकण.' ते लिहिल्यावर विंडो बंद झाली, बिल निघालं, टेंपो हलला. माल संध्याकाळी पोचला. गिऱ्हाइकाने तो उतरवून घेतला आणि पुढच्या ऑर्डरचा विषयही काढला नाही.

एवढ्या अनुभवातून शेठ नेमका एक धडा शिकले. सोमवारी त्यांनी प्लासिडला सुनावलं, "मालकाला कसले प्रश्न विचारता? माझ्यासाठी वेगळं बटण कर."

प्लासिडने कोपऱ्यात बटण करून दिलं: 'मी मालक आहे'. दाबलं की विंडो लगेच गायब.

तेव्हापासून सूचना दुपटीने लांबल्या आहेत आणि बिलं झटपट निघतात. आल्यागेल्याला शेठ स्क्रीन दाखवून सांगतात, "बघा, माणसं वाचायला लागली." रीमा सकाळी येते, पर्स खुर्चीला अडकवते आणि बसल्या बसल्या मालक होते.