किल्लेदाराविषयी हरकत

समितीने हरकत घेतल्यावर चित्रपटातील मगर रीतसर बाहेर आली, आणि तिला देवळाच्या तळ्यात जागा देण्यात आली.

वेळण्याच्या नृसिंह देवस्थानात जयंतीच्या संध्याकाळी बालवाडीतील मुलांना एक जुना साहसपट दाखवण्याची प्रथा आहे. जे कोवळ्या मनास झेपणार नाही ते चित्रपटाने आधी बाहेर काढून द्यावे, आणि खेळ होईपर्यंत त्याच्या राहण्याजेवणाची सोय देवस्थानाने करावी, असा नियम आहे. नियम योग्य आहे. ज्याला आपण बाहेर काढतो, त्याच्या जेवणाचे उत्तरदायित्व आपल्यावर येते.

या वर्षी समुद्रावरचा एक कृष्णधवल चित्रपट निवडला होता. मानाजी नावाचा तरुण तांडेल वादळातून होडी नेतो, मगरीची खाडी पार करतो, आणि किल्लेदार भैरोजीशी झुंजून बुरुजात कोंडलेल्या आपल्या धाकट्या बहिणीला, बकुळेला, सोडवतो. कथा नीतीची होती.

समितीचे अध्यक्ष अच्युतराव मुंडले निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि नित्य संध्या करतात. त्यांची पहिली हरकत मगरीवर होती, दुसरी वादळावर. वादळ भांडारघरात ठेवले. आरतीच्या वेळी आतील पराती वाजत, तेवढे पुजाऱ्यांनी सोसले. तिसरी हरकत भैरोजीवर होती.

"अहो, किल्लेदारच काढला तर उरलं काय?" बालवाडीच्या कालिंदीबाई म्हणाल्या.

"होडी आहे. समुद्र आहे. भावाबहिणीचं प्रेम आहे. मुलांना एवढं पुरे."

भैरोजी बाहेर आला. धिप्पाड, मिशाळ, कमरेला किल्ली. रंगाने तो नखशिखान्त राखाडी होता. त्याने जोडे सभामंडपाबाहेर काढले आणि तो पंगतीच्या टोकाला बसला. वाढप्याने "आणखी भात?" असे विचारले, तेव्हा त्याने मागे वळून पाहिले, दुसऱ्या कोणाला विचारले असावे, असे त्याला वाटले. पुढे त्याने आरतीला झांजा मागून घेतल्या. ताल बरा होता.

जयंतीला देवाचा जन्म झाला, सुंठवडा वाटला, आणि सभामंडपात पडदा लागला.

मानाजी होडीत बसला. समुद्र शांत होता. त्याने खाडी सावकाश पोहून पार केली, किनाऱ्यावर अंग कोरडे केले आणि तो किल्ल्यात शिरला. कोणी अडवले नाही. मुले चुळबुळू लागली. काही जण तळ्यावर मगर पाहायला निघून गेले. त्यांना धरून आणावे लागले.

बुरुजाच्या दाराशी मानाजीने कुलूप ओढून पाहिले. मग तो पडद्यावरून आमच्याकडे वळला.

"महाराज, दार बंद आहे."

"मग उघडा," अच्युतराव म्हणाले.

"किल्ली किल्लेदाराकडे असते."

आतून आवाज आला, "दादा, आलास का रे?"

"आलो गं बकुळे. थांब जरा, समिती बसली आहे."

सर्वांनी भैरोजीकडे पाहिले. तो खांबापाशी इंदू नावाच्या मुलीला झांज कशी धरावी ते शिकवीत होता. तो तत्काळ उठला आणि पडद्यापाशी जाऊन त्याने किल्ली मानाजीच्या हाती दिली. किल्ली कुलपात गेली, पण फिरेना.

"नाहीच फिरायची," भैरोजी म्हणाला. "लढून घेतली तरच फिरते. आमच्याकडचं कुलूप तसलंच आहे."

"चित्रपट किती उरला आहे?" अच्युतरावांनी विचारले.

"थोडका," मानाजी म्हणाला. "संपला की मला निघावं लागेल. ही आतच राहील."

मुले पडद्याजवळ सरकली. इंदूने कालिंदीबाईंचा पदर ओढला. "बाई, तिला आत प्यायला पाणी आहे का हो?"

अच्युतरावांनी घसा साफ केला.

"भैरोजी, आपण परत आत जावं."

"मालक, हरकत तुम्हीच घेतलीत ना?"

"ती मी मागे घेतो."

"पण आता माझी आहे. आत जाऊन मी काय करतो, ठाऊक आहे ना? त्या पोरीवर डाफरतो. मग याचा मार खातो आणि बुरुजावरून मगरीच्या तोंडात पडतो. दर खेळाला! इथं आल्यापासून मला एकानं 'नीचा' म्हटलं नाही. वाढपी तर 'भैरोजीकाका' म्हणतो."

"थोडं सौम्य लढलं तर?"

"मग कुलूप उघडत नाही."

कालिंदीबाई गाभाऱ्याकडे पाहत होत्या. "अच्युतराव, देवाच्या मांडीवर कोण आहे?"

"हिरण्यकशिपू."

"पोट फाडलेला. मुलं रोज बघतात आणि नमस्कार करतात. तुम्ही त्या राक्षसावर हरकत घेतली असती, तर देव खांबातून आला असता का? आणि प्रल्हादाचं काय झालं असतं?"

अच्युतराव नियमाला कठोर होते, परंतु पुराण त्यांना मुखोद्गत होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"भांडारघर उघडा," ते म्हणाले. "मगरीलाही बोलवा."

वादळ समयांना धक्का न लावता पडद्यात शिरले. मागून मगर तळ्याच्या पायऱ्या चढून आली आणि मुलांमधून वाट काढीत आत गेली. मानाजी बरेच पुढे आलेला असल्याने वादळाला किल्ल्यावरच सुटावे लागले, आणि मगर खंदकात राहिली.

भैरोजीने देवाला नमस्कार केला. किल्ली परत घेऊन कमरेला खोचली. मग कपाळीचे गंध पुसले.

"गंध लावून वाईट वागणं बरं नव्हे," तो म्हणाला. "मालक, दुष्टपणा करू ना?"

"मनापासून करा. कसर ठेवू नका."

त्याने ठेवली नाही. त्याची पहिली गर्जना ऐकताच मुलांनी एकमेकांच्या पाठीत तोंडे लपवली. तलवारीला तलवार भिडली, वारा सुटला, मानाजीचा पाय घसरला, आणि इंदू रडतरडत ओरडली, "ऊठ की रे!" तो उठला. भय पाहिल्यावाचून धैर्य ओळखता येत नाही. मुलांनी ते त्या क्षणी ओळखले. अच्युतराव मांडीवर थाप मारून म्हणाले, "डावीकडून, मानाजी, डावीकडून!"

किल्ली मानाजीच्या हाती आली. भैरोजी बुरुजावरून पडला, तेव्हा साऱ्या मंडपाने हात जोडले.

कुलूप फिरले. बकुळा बाहेर आली. अंधारातून आल्यामुळे ती डोळे चोळीत होती.

"दादा, इतका उशीर?"

मानाजीला धाप लागली होती. त्याने नुसते हाताने पडद्याबाहेर दाखवले. बकुळा दोन पावले पुढे आली आणि समितीकडे पाहू लागली.

अच्युतराव उपरणे सावरून उभे राहिले. त्यांच्यामागे आम्हीही उभे राहिलो.