मनगटाची अनामिक शाखा

"चोरी? मी? अहो, मी आजवर कुणाची पेन्सिलसुद्धा परत करायला विसरलेलो नाही!" हातवाले डॉक्टर ग्रंथपालबाईंवर उखडले.

वैद्यकीय कॉलेजात वीस वर्षं ते हाताची रचना शिकवत होते, आणि तीही एकाच चित्रावरून. आता निवृत्तीच्या तोंडावर त्यांच्या व्याख्यानांचं पुस्तक निघत होतं. त्यात ते चित्र नसेल तर पुस्तकच नको, असा त्यांचा हट्ट!

"वर्गात दाखवलंत, तिथवर ठीक," बाई म्हणाल्या. "शिकवायला तेवढी मोकळीक असते. विकायच्या पुस्तकात छापायचं तर परवानगी हवी. चित्र कुणाचं?"

"हाताचं!"

"काढलं कुणी, सर?"

डॉक्टरांनी हातातला कागद उलटसुलट करून पाहिला. त्यांच्याकडे होती झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स. हा प्रश्न त्यांना वीस वर्षांत पडलाच नव्हता.

बाईंनी दोन दिवसांत मूळ पुस्तक हुडकलं, प्रकाशकाला गाठलं. हक्क चित्रकर्तीकडेच होते, आणि ती राहत होती कॉलेजच्या मागच्याच गल्लीत! डॉक्टर धापा टाकत दोन जिने चढले.

ऐंशीच्या घरातल्या चित्रकारबाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातून मूळ चित्र काढून समोर ठेवलं.

डॉक्टरांनी आ वासला. झेरॉक्समध्ये जिथे नुसता काळा डाग होता, तिथे केसाहून बारीक रक्तवाहिन्या होत्या! शेकडो हात उलगडून पाहिलेल्या या माणसाला वाटलं, आपण हात असा कधी पाहिलाच नाही. त्यांनी स्वतःची मूठ हळूच मिटली, उघडली. डोळे भरून आले.

"बाई, हे जमलं कसं?"

"चार महिने शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये बसले. घरी आले की सासूबाई आधी आंघोळीला पिटाळायच्या! प्रकाशक पुस्तकात माझं नाव देणार नव्हता, म्हणून मनगटापाशी बारीक सही सरकवली. ही बघा."

डॉक्टर चित्रावर वाकले. "ही... ही तर अनामिक शाखा!"

"कसली शाखा?"

"मज्जातंतूची! कुठल्याच पुस्तकात नव्हती, म्हणून नावही मीच दिलं. परीक्षेत जो काढत नाही, त्याचे दोन मार्क कापतो!"

"अहो, पण खऱ्या हातात सापडली का कधी?"

"नाही ना! मुलांना म्हणायचो, फार नाजूक असते, तुमच्या धसमुसळेपणानं तुटली!"

बाई हसता हसता थांबल्या. "म्हणजे इतक्या वर्षांत माझं नाव कुणी वाचलंच नाही."

"नाही वाचलं," डॉक्टर खालमानेनं म्हणाले. "पण बाई, आमच्याकडून शिकून गेलेला एकूण एक सर्जन मनगटाशी आला की सुरी जपून चालवतो. तुमच्या सहीला आजवर कुणी धक्का लावलेला नाही!"

बाईंनी डोळे पुसले आणि पेन उचललं. "दिली परवानगी. पण या खेपेला नाव चांगलं ठळक छापा, डॉक्टर. नाहीतर पुढच्या वर्षी त्याचं ऑपरेशन शिकवाल!"