दुर्बिणीची कवळी

माझ्या हातची वस्तू जिथे बसवायची तिथे बसते! ही फुशारकी नाही, हा धंदा आहे. मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप माझ्याकडे पाठवतात आणि मी त्यावरून दात घडवून देतो. ते पुढे कुणाच्या तोंडात जातात, हे मला कधीच कळत नाही. मापाबरोबर नाव येत नाही, नंबर येतो. लोकांची एवढी अब्रू या धंद्यात राखावीच लागते.

आता अशा माणसाला, मोबाइल दुर्बिणीला जोडायचं एक कडं बनवायला किती वेळ लागावा? एक संध्याकाळ! मी आत्याला तसं छातीठोक सांगितलं.

आत्याबद्दल आधी सांगायला हवं. आईवडिलांच्या मागे मला तिनेच वाढवलं. गावातल्या पक्षीमंडळाची ती सगळ्यांत जुनी सभासद. दर रविवारी सकाळी ती पुढे आणि मंडळ मागे, असं वर्षानुवर्षं चाललंय. तर या आत्याला बंद कारखान्याच्या धुराड्यावर बहिरी ससाणा दिसला. एकदा नाही, अनेकदा दिसला. तिने मंडळाच्या बैठकीत तसं सांगितलं, आणि सचिव हसले.

सचिवांचं हसणं फार सुंदर होतं. शुभ्र, सरळ, ओळीत बसलेले दात! दातांतलं मला कळतं म्हणून सांगतो, इतक्या वर्षांत मी त्या दातांचं मनातल्या मनात कौतुकच करत आलो होतो.

"आत्या, कबुतरं असतील हो ती," ते म्हणाले. "वयानुसार नजर थोडी... चालायचंच! फोटो असेल तर नोंद करू. आणि पुढच्या महिन्यापासून रविवारची फेरी तरुण मंडळी नेतील. तुम्ही मार्गदर्शक!"

"मार्गदर्शक म्हणजे?" आत्याने विचारलं.

"म्हणजे मार्ग दाखवायचा."

"घरी बसून?"

सचिव पुन्हा हसले. आत्या हसली नाही. त्या दिवशी ती माझ्या घरी आली, चहा न घेता खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मला दिसतं रे. सगळं दिसतं." मला फार वाईट वाटलं. रस्ता ओलांडताना अजूनही माझा दंड धरणारी माझी आत्या! तिच्या डोळ्यांवर कुणी शंका घ्यावी, हे मला सहन होईना. म्हणून मी फोटोचा विडा उचलला.

आत्याची दुर्बीण जुनी आणि जाडजूड, तिपाईवर उभी राहणारी. तिच्या भिंगाला मोबाइलचा कॅमेरा नुसता टेकवला तर कधी काळोख दिसतो, कधी आकाश, कधी आपलाच अंगठा. केसभर हललं की धुराडं गायब! बाजारात तयार कडी मिळतात, पण या दुर्बिणीला एकही बसेना. मग मी कवळीसाठी जबड्याचं माप घ्यायचा मसाला कालवला आणि दुर्बिणीच्या भिंगाचं रीतसर माप घेतलं. ज्यातून हिरड्या करतो त्याच गुलाबी अॅक्रिलिकमधून कडं ओतलं, घासलं, चकाकवलं.

"अहो, दुर्बिणीला हिरड्या फुटल्यात!" बायको म्हणाली.

"दुसरा रंग नव्हता."

"मग दातही बसवा की!"

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. कडं असं चपखल बसलं की दुर्बीण उलटी धरली तरी मोबाइल पडेना. फक्त एक अडचण उरली. फोटो काढायला मोबाइलवर बोट टेकवलं की सगळं थरथरायचं. त्यासाठी मी ब्लूटूथचं बटण आणलं. किल्ल्यांच्या जुडग्याला लावता येईल एवढंसं. बटण लांबून दाबायचं, फोटो निघतो, मोबाइलला कुणी शिवायचं नाही! मी घरात फतवाच काढला.

शनिवारी संध्याकाळी मी दोन डबे भरले. एकात गुलाबी कडं, आत्यासाठी. दुसऱ्यात एक तातडीची कवळी, वरची आणि खालची. कुणाची तरी जुनी कवळी त्याच आठवड्यात मोडली होती आणि डॉक्टरांनी तीन तीनदा फोन करून माझं डोकं खाल्लं होतं. ते स्वतःच स्कूटरवरून आले आणि डबा घेऊन गेले. डबे दोन्ही एकसारखेच होते, हे वेगळं सांगायला नकोच.

रविवारी सकाळी, फेरीला निघण्याआधी, आम्ही आत्याच्या गच्चीवर जमलो. आम्ही म्हणजे आत्या, मी आणि सचिव. आत्यानेच त्यांना बोलावलं होतं. "फोटो मागून दाखवला तर म्हणतील, कुठून तरी उचललाय. त्यांच्या डोळ्यांदेखत काढायचा," असं तिचं म्हणणं. सचिव आले ते तोंडाला रुमाल लावून. माझ्या नमस्काराला नुसती मान हलवली.

"बरं नाही का?" आत्याने विचारलं.

"हं. दाढ," ते रुमालातून म्हणाले.

मला वाटलं, तोरा! आता बघाच म्हणून मी तिपाई उभी केली, दुर्बीण धुराड्यावर रोखली, कंबर सरळ केली आणि डबा उघडला.

आत दात होते. वरचे आणि खालचे, नीट एकमेकांवर मिटलेले.

सचिवांनी डब्यात डोकावलं आणि रुमाल आणखी घट्ट दाबून धरला.

"कुणाचे?" त्यांनी हळूच विचारलं.

"एका पेशंटचे. नाव मला ठाऊक नसतं." मी डबा मिटला. "आत्या, कडं डॉक्टरांकडे गेलं गं! मी जातो आणि घेऊन येतो."

आत्या खुर्चीवरून उठली नाही. ती धुराड्याकडे बघत होती. "तू येईपर्यंत तो शिकार करून गेलेला असेल. मग दिवसभर येत नाही," ती म्हणाली. "राहू दे. नाहीतरी पुढच्या रविवारी मी घरीच आहे."

ती हे अगदी शांतपणे म्हणाली, आणि तेच मला लागलं. मी डब्यातले दात हातात घेतले. एक सांगतो, चांगली कवळी म्हणजे चांगला चिमटा! मी मोबाइलची पाठ भिंगाला टेकवली, वरचे दात मोबाइलच्या पुढच्या बाजूने लावले, खालचे भिंगाच्या जाड कडेला असे अडकवले की टोकं जेमतेम काचेच्या काठावर आली, आणि आत्याच्या केसांचा रबर काढून दोन्हींभोवती गच्च आवळला. दुर्बिणीने मोबाइल चावून धरला. पडद्यावर धुराडं दिसायला लागलं, आणि हलेना!

"अहो!" सचिव पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. "हे बरोबर नाही! कुणाच्या तरी तोंडात जायचेत ते!"

"धुऊन देऊ की."

"त्या माणसाचा काही विचार?"

"त्याला कळणार आहे थोडंच!"

सचिव कठड्यापाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मी बटण आत्याच्या हातात दिलं. बटण कधी दाबायचं ते तिलाच कळणार होतं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. डॉक्टर! कामाचा मोबाइल तो, आणि चांगला कॅमेरा त्यातच. तो असा थरथरला की दुर्बीण, तिपाई आणि दात, सगळ्यांना हुडहुडी भरली. धुराडं पडद्यावरून गेलं.

"घेऊ का?" मी विचारलं.

"शिवायचं नाही ना त्याला?" आत्या म्हणाली. "तूच म्हणालास."

तिने हातातलं बटण दाबून पाहिलं. मोबाइल गप्प झाला! बटणाने आवाजही बंद होतो, हा शोध मला त्या दिवशी लागला. मी धुराडं पुन्हा पडद्यात आणलं. डॉक्टरांनी पुन्हा फोन केला. आत्याने पुन्हा दाबलं. मी पुन्हा धुराडं शोधलं. असं किती वेळा झालं, मोजलं नाही. दर वेळी दात किंचित कुरकुरायचे, आणि कठड्यापाशी सचिव दचकायचे.

मग डॉक्टर दमले आणि गच्ची शांत झाली. मी पडद्याकडे डोळे लावून बसलो. आत्या मात्र पडद्याकडे बघतच नव्हती. ती कारखान्याच्या पत्र्यावरच्या कबुतरांकडे बघत होती.

"आला," ती म्हणाली.

"कुठाय? धुराडं तर रिकामं आहे!"

"येतोय. कबुतरांनी माना वर काढल्यात बघ."

पुढच्या क्षणी सगळी कबुतरं एकदम उडाली. आकाशातून काहीतरी काळं सरळ खाली आलं. आत्याचा अंगठा बटणावर चालू लागला, टिक, टिक, टिक! सचिवही वळले होते, आणि त्यांचा रुमाल खाली आलेला होता, पण तेव्हा तिकडे कोण बघतंय! पक्षी धुराड्याच्या काठावर उतरला, थोडा वेळ बसला आणि निघून गेला.

"मिळाला का रे?" आत्याने विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत पुन्हा डॉक्टर! आता लपवण्यात अर्थ नव्हता. मोबाइल दातांत, म्हणजे कानाला लावायची सोय नाही. मी स्पीकरवर घेतला आणि दुर्बिणीपाशी वाकून बोललो, "हॅलो, डॉक्टर, मोठी चूक झाली..."

"चूक?" डॉक्टरांचा आवाज गच्चीभर झाला. "अहो, डबा उघडला तर आत गुलाबी नळकांडं! दहाला पेशंट येतोय, त्याच्या तोंडात हे बसवू? आधीच तो माणूस चार दिवस पेजेवर आहे! कुणाला कळू नये म्हणून रविवारचा दवाखाना उघडतोय मी, आणि तुम्ही फोन घेत नाही! तुमच्या ओळखीचे निघतील हो, ते पक्षीमंडळाचे सचिव..."

आत्याने बटण दाबलं. या वेळी काहीच बंद झालं नाही.

"...त्यांची इतक्या वर्षांची कवळी, बायकोशिवाय कुणाला पत्ता नाही, आणि तुम्ही..."

मी स्वतः फोन कापला. बोट टेकवूनच कापला.

सचिव तिथेच उभे होते. मी एकदाच त्यांच्याकडे बघितलं, पुन्हा बघवेना. सदैव ताठ असणारा माणूस एकदम लहान दिसायला लागला होता. आणि मी, दातांतलं कळणारा मी, इतकी वर्षं त्या हसण्याला अस्सल समजत आलो होतो!

आत्या उठली. तिने रबर सोडला, मोबाइल माझ्या हातात दिला. बाटलीतल्या पाण्याने दोन्ही कवळ्या सावकाश धुतल्या, स्वच्छ रुमालाने टिपल्या, डब्यात ठेवल्या आणि डबा सचिवांपुढे धरला. मग माझा दंड पकडून मला धुराड्याकडे वळवलं.

"इकडे बघ," ती म्हणाली. "मी सांगेपर्यंत मागे वळायचं नाही."

आम्ही दोघं रिकाम्या धुराड्याकडे बघत उभे राहिलो. मागे थोडी खुडबुड झाली. मग सचिवांचा आवाज आला, पूर्वीसारखा ठसठशीत.

"आत्या, मी नोंद करतो. आजच."

"आधी फोटो बघा," आत्या म्हणाली. "माझ्यावर उपकार म्हणून नोंद नको मला."

आम्ही फोटो बघितले. बरेचसे वाया गेले होते. कशात पत्रा, कशात कबुतराची शेपटी. पण एकात तो होता. धुराड्याच्या काठावर ताठ बसलेला, गालावरचा मिशीसारखा काळा पट्टा स्वच्छ दिसतोय, पायाखाली शिकार. फोटोच्या कडेला दोन पांढरे धुरकट ठिपके आले होते. ते खालच्या कवळीचे समोरचे दात.

सचिवांनी तो फोटो फार वेळ बघितला.

"बहिरी आहे," ते म्हणाले. "माझंच चुकलं, आत्या. पुढच्या रविवारी फेरी तुम्हीच न्यायची."

आत्याने मान हलवली आणि डोळे पुसले. माझेही भरून आले. खोटं कशाला सांगू?

इथे ही गोष्ट संपली असती तर मी ती ताठ मानेने सांगितली असती. पण पुढच्या महिन्यात मंडळाची वार्षिक सभा झाली. सभागृह भरलं होतं, आत्या पहिल्या रांगेत. सचिव नोंद वाचायला उभे राहिले. रबराने आवळताना वरच्या कवळीला कुठेतरी बारीकसा बाक आला असावा. आणि लाजेपायी ते मला दाखवायला आलेच नव्हते. ते "बहिरी ससाणा" म्हणाले, आणि त्यातल्या प्रत्येक 'स'बरोबर सभागृहात एक लांब, गोड शीळ घुमली!

सगळ्यांनी माना वर केल्या. कुणी खिडकीकडे बघितलं, कुणी पंख्याकडे. सचिवांचा चेहरा पांढरा पडला. मी चप्पल शोधायला खुर्चीखाली वाकलो.

"आत्ता कोणता पक्षी बोलला?" मागून एका सभासदाने विचारलं.

सगळं सभागृह आत्याकडे वळलं. आत्याने क्षणभर कान देऊन ऐकल्यासारखं केलं.

"पिल्लू आहे," ती गंभीरपणे म्हणाली. "खिडकीबाहेर, झाडात. नुकतंच बोलायला लागलंय."

सभासदांनी माना डोलावल्या. दोघांनी तर खिडकीतून बघून "हो, हो, दिसलं" असंही सांगितलं. फोटो कुणीच मागितला नाही.