रोहिणीतला ण

आमच्या बिल्डिंगमध्ये लाईट गेली की सगळे शिव्या घालतात. एकटे भोईरकाका टाळी वाजवतात आणि गच्चीवर पळतात. पाच मिनिटांत वरून खणखणीत आवाज येतो, "लक्ष द्या! पूर्वेकडून कृत्तिका येत आहेत. मागोमाग रोहिणी."

काका रिटायर होईपर्यंत एसटी स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारायचे. सगळी भिवंडी 'वजरेसरी' म्हणते. काका 'वज्रेश्वरी' म्हणायचे, एकेक अक्षर न्हाऊमाखू घालून. तोवर गाडी नदीनाक्याला पोचलेली असायची, असं लोक अजून सांगतात. रिटायर झाले, गाड्या सुटल्या, आणि काकांनी तारे धरले.

मी गोडाऊनात पार्सलं स्कॅन करते. दिवसभर उभी राहून पायांचे तुकडे पडलेले असतात आणि जिन्यात काका गाठतात. एकदा चुकून 'कृतिका' म्हटलं.

"ती तुझी मैत्रीण असेल. आकाशातल्या कृत्तिकेला दोन त आहेत."

"एक त कमी पडला तर खाली पडणार आहेत का त्या, काका?"

दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. मीसुद्धा नाही बोलले!

त्यांना हरवलं ते फक्त अन्वरभाईंनी. तळमजल्यावर त्यांचे कापडाचे चार लूम आहेत. रोहिणीला इंग्रजी पुस्तकात अल्डेबरान म्हणतात आणि तो शब्द मुळात अरबी, हे कळल्यावर काका पुस्तक घेऊन त्यांच्याकडे गेले. अन्वरभाई लहानपणी मदरशात शिकलेले. म्हणाले, "लिखने का अल, मगर बोलने का अद्-दबरान. लाम, यानी ल, चुप रहता है, साब." काका मान खाली घालून वर आले. दुसऱ्या दिवसापासून अन्वरभाईंना आमच्या मजल्यावरून चहा सुरू झाला. "उच्चाराचा माणूस आहे," काका सगळ्यांना सांगायचे.

आणि घरात मात्र काकांची डाळ शिजत नव्हती. त्यांची बायको, शेवंताकाकू, दिघाशी गावच्या. गच्चीवर वाळवण काढायला यायच्या आणि वर बोट दाखवायच्या, "ती बगा, तुमची रोयनी!"

"रोयनी नाही. रो-हि-णी. ण. जीभ मागे वळव."

"माजी जीभ न्हाय वलत. वर हाय ना ती? मंग झालं!"

मग काका तासभर त्यांना ण शिकवायचे. काकू हनुवटीला हात लावून सगळं ऐकून घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी परत रोयनी! मला वाटायचं, बिचाऱ्या काकूंना जमतच नाही, आणि हा माणूस पिच्छा सोडत नाही.

दसऱ्याच्या पुढेमागे काकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, बोलतं करायचा प्रयत्न सोडू नका, ओळखीचे शब्द कानावर पडू द्या. काकांनी एकच शब्द घेतला. भिंतीपलीकडून मला रोज ऐकू यायचं, "रोहिणी. म्हण बघू. रोहिणी." काकूंकडून काही नाही. लाईट गेली तरी काका आता गच्चीवर जाईनात. मला त्यांचा राग यायचा तो कुठे गेला कोण जाणे. देवा, या बाईला एक शब्द दे, असं मी ड्युटीवरसुद्धा म्हणत होते.

संक्रांत झाली आणि एका रात्री साडेनऊला लाईट गेली. सगळे लूम एकदम थांबले. आमच्याकडे एवढी शांतता झाली की माणसाला उगाच चुकल्यासारखं वाटतं. काका दारात आले, म्हणाले, "हिला वर नेऊ या." अन्वरभाई आणि काकांनी काकूंना खुर्चीसकट उचललं, मी उशी घेऊन मागे.

रोहिणी बरोबर डोक्यावर होती, लालसर. काका खुर्चीशी बसले. "रोहिणी," म्हणाले. पुन्हा म्हणाले. दहा वेळा म्हणाले असतील. काकू मांडीवरच्या हाताकडे बघत बसलेल्या. मला बघवेना.

मग काकांनी चष्मा काढला, पुसला आणि अगदी हळू म्हणाले, "रोयनी."

अन्वरभाईंनी माझ्याकडे बघितलं. ज्या माणसाने एका 'ण'साठी अख्ख्या बिल्डिंगशी भांडण केलं, त्याच्या तोंडून हे?

काकूंची मान वळली. कपाळाला आठी पडली. ओठ वाकडे झाले, थरथरले.

"रो... हि... णी."

ण असा ठणठणीत, की माइकवरसुद्धा तसा आला नसता.

काका खुर्चीवर वाकले. "अगं, तुला येत होतं? इतकी वर्षं मुद्दाम करत होतीस? मी तासभर बसून शिकवावं म्हणून?"

काकू अर्ध्या तोंडाने हसल्या. दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं.

"मं...ग," म्हणाल्या.

आता काका बेधडक चुकतात. कुरतिका काय, मुरुग काय, सप्तरुशी काय, कान किटतात ऐकून! काकू आठी घालतात आणि एकेक अक्षर जुळवत त्यांना दुरुस्त करतात. काल जिन्यात मी मुद्दाम काकांना चिडवायला म्हटलं, "आज कृतिका दिसतायत का?"

त्यांचं तोंड उघडलं. मोठ्या कष्टाने मिटलं. मग माझ्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली आणि म्हणाले, "अशीच वर जा, आणि हे तुझ्या काकूसमोर म्हण."